दुपारच्या गोळीचा आलेख

रविवार, दिनांक १९ नोव्हेंबर २०१७, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. ढाणकीतल्या जफर मिस्त्रींच्या पुढच्या खोलीत सात माणसे बसली होती आणि चहाचे आठ कप आले होते. आठवा कप जास्तीचा नव्हता. मिस्त्रींचा चहा गेल्या वर्षापासून दोन कपांत अर्धा अर्धा ओतून येत असे, म्हणजे हात हलला तरी तो बशीत सांडू नये.

बैठकीचे कारण मंगळवारी घडले होते. मिस्त्रींचा कारखाना घराला लागूनच होता. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या रोलरवरच्या झिजलेल्या चामडी चकत्या काढायच्या, नव्या चढवायच्या आणि रोलर लेथवर तासून एकसारखा करायचा, हे काम त्यांनी त्रेचाळीस वर्षे केले होते. मंगळवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, चालू लेथसमोर उभे असताना ते जागच्या जागी थिजले. पाय जमिनीला खिळले, उजवा हात पुढे होता तसाच राहिला आणि सदऱ्याची बाही फिरत्या रोलरला लागली. थोरला मुलगा अफरोज याने झडप घालून बटण दाबले. बाही कोपरापर्यंत फाटली. हात वाचला.

मिस्त्रींच्या पार्किन्सनला तीन वर्षे झाली होती. पण आजवर त्याने चमचा, चहा आणि सही यांचीच खोडी काढली होती. लेथपर्यंत तो पहिल्यांदाच पोहोचला होता.

अफरोजने पाच दिवस वाट पाहिली होती. धाकटा भाऊ जमीर पुण्याहून यावा, बहीण फिजा बाभुळगावहून यावी, आणि अब्बांचे जुने मित्र भगवानराव समोर असावेत, अशी त्याची इच्छा होती. भगवानराव जिनात मुकादम होते. ते बसले की या घरातली बोली आपोआप वऱ्हाडीवर येई. अफरोजला आज तेच हवे होते. वडिलांशी जे बोलायचे ते त्याला घरच्या उर्दूत बोलवले नसते.

"अब्बा," तो म्हणाला, "कारखान्यात या, बसा, पोरांले सांगा. पन मशीन चालू असताना लेथपाशी नाई."

"म्हंजे खुर्चीवर फोटोसारखा बसू?" मिस्त्रींचा आवाज आता बारीक झाला होता, पण बोलण्याची धार तीच होती. "भगवानराव, तुमच्यात फोटोले हार तरी घालतात. आमच्यात तेही नाई."

भगवानराव हसले नाहीत. "जफरभाई, चाळीस वर्षं मुकादमी केली मी. पट्ट्यात गेलेले तीन हात या हातानं उचलले. चौथा तुमचा नाई उचलत मी, सांगून ठेवतो."

"तुमीही त्याच्याकडून?"

"मी तुमच्या हाताकडून."

कारखान्याच्या दारात चार रोलर पडून होते. मागच्या वर्षी या तारखेला बावीस होते. बोंडअळीने यंदा कापूसच शिल्लक ठेवला नव्हता, त्यामुळे जिन दोन दिवस चालत आणि चार दिवस थांबत. अफरोजच्या मनात आले, काम इतके थोडे असताना अब्बांना दूर करणे अधिक कठीण आहे. भरपूर काम असते तर दमणूक हे कारण सांगता आले असते.

जमीरने बॅगेतून कागदांची चळत काढली. नागपूरच्या डॉक्टरांनी एकवीस ऑक्टोबर ते दहा नोव्हेंबर असे एकवीस दिवस अब्बांच्या मनगटावर एक घड्याळ बांधायला दिले होते. ते वेळ दाखवीत नसे. हाताची हालचाल किती जलद, किती संथ, किती थरथरती, याची ते दिवसभर नोंद ठेवी. गोळीच्या वेळी मनगटावर थरथरून आठवण देई आणि गोळी गिळली की त्यावर अंगठा दाबायचा असे. ते एकवीस दिवस मिस्त्री स्वतःहून लेथजवळ गेले नव्हते. पट्ट्याजवळ मनगटावर काही बांधून उभे राहायचे नाही, हा नियम त्यांनी प्रत्येक शिकाऊ कामगाराला पहिल्याच दिवशी घालून दिला होता आणि तो ते स्वतः मोडणार नव्हते. अकरा तारखेला घड्याळ परत गेले. चौदाला बाही फाटली.

"सकाळची गोळी बरोबर लागू पडून राह्यली," जमीर म्हणाला. "संध्याकाळचीही बरी. दुपारी दीडची गोळी मात्र बहुतेक दिवशी कामच करत नाई. दोन ते पाच अंग बंद. डॉक्टर म्हनले, बुधवारी या, दुपारची गोळी वाढवू."

"तिसऱ्यांदा वाढवतील," अफरोज म्हणाला.

"लागू पडत नाई," फिजा म्हणाली, "का देल्लीच जात नाई?"

तिने कोणाचे नाव घेतले नाही. पण सगळ्यांनी गझालाकडे पाहिले.

* * *

गझाला दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. अफरोजशी लग्न होऊन ती या घरात आली त्याला सहा वर्षे झाली होती. उमरखेडच्या कॉलेजातून तिने विज्ञानाची पदवी घेतली होती आणि या घरात त्या पदवीचा उपयोग डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यापुरता होत असे.

"मले डेंग्यू झालता तेव्हा अम्मी आठ दिवस माह्यापाशी होती," फिजा पुढे म्हणाली. "त्या आठ दिवसांत अब्बाच्या गोळ्यांचं काय झालं, कोनाले मालूम? भाभीले मोबाईलमधून डोकं काढाले फुरसत मिळली तर ना."

"फिजा," जमीर म्हणाला, पण त्याच्या स्वरात अडवणे नव्हते. त्यालाही तोच संशय होता, हे गझालाला कळले.

तिने नवऱ्याकडे पाहिले. अफरोज कपाच्या तळाशी उरलेला चहा पाहत होता.

मग सासू बोलल्या. आयशाबींचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "जाऊ दे गं फिजा. मी नसताना एखाद्या टायमाले उशीर झाला असंल. घरात एकटी होती पोरगी. होते चूक."

फिजाच्या बोलण्याने गझालाला राग आला होता. या माफीने मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आले. उत्तर तिच्यापाशी होते. जमीरने हाच अहवाल मागच्या बुधवारी तिच्या मोबाईलवर पाठवला होता आणि चार दिवस ती मोबाईलमध्ये डोके घालून तोच पाहत होती. एकवीस दिवसांच्या आलेखाच्या एकवीस पट्ट्या. त्यांतल्या कोणत्या चांगल्या आणि कोणत्या वाईट, हे तिने मोजले होते. कारणही तिला कळले होते. पण ते सांगायचे तर, अम्मी घरात नव्हत्या तेव्हा अब्बा बरे होते, असे वाक्य उच्चारावे लागले असते. कोणत्याही घरातल्या सुनेला ते वाक्य बोलता आले नसते. तिने ठरवले होते की बुधवारी नागपूरला डॉक्टरांनाच हळूच सांगायचे आणि त्यांच्या तोंडून ते येऊ द्यायचे.

"गझाला," मिस्त्री म्हणाले, "कागद इकडे आन. जमीर नुसतं वाचून राह्यला. मले पाहू दे."

"अब्बा, बुधवारी डॉक्टर..."

"मशीन बिघडली तर आधी मिस्त्री पाहते. मालकाले मागून कळवतात. आन."

कागद दिवाणावर आले. प्रत्येक कागदावर एका दिवसाची आडवी पट्टी होती. तिच्यावर काळी रेघ वरखाली जात होती आणि जिथे गोळी घेतली तिथे उभी लाल खूण होती. रेघ वर असेल तर अंग मोकळे, खाली असेल तर बंद. मिस्त्रींनी एक कागद उचलला, पण तो बोटांत फडफडू लागला, तेव्हा त्यांनी तो खाली ठेवला.

"भगवानराव, माह्ये हात तुमी व्हा. दुपारच्या लाल खुणेनंतर रेघ वर चढली तो कागद उजवीकडे. नाई चढली तो डावीकडे. तारीख पाहू नका."

भगवानरावांनी चष्मा लावला. कापसाची प्रत लावणारी त्यांची बोटे सावकाश चालली. एकवीस कागदांची विभागणी व्हायला सहा मिनिटे लागली.

"डावीकडं तेरा. उजवीकडं आठ."

"लाल खूण सगळ्यांवर आहे?"

"सगळ्यांवर. दीड वाजता. एखादी पाच मिनिटं इकडं तिकडं."

"म्हंजे गोळी रोज देल्ली आन् टायमावर देल्ली," मिस्त्री म्हणाले. "फिजा, तुह्या भाभीची चूक गेली. आता उजवीकडच्या तारखा वाचा."

भगवानरावांनी वाचल्या. अठ्ठावीस ऑक्टोबर. एकोणतीस. तीस. एकतीस. एक नोव्हेंबर. दोन. तीन. चार.

फिजाचा हात तोंडाशी गेला. "ते तर अम्मी बाभुळगावले होती ते दिवस."

गझालाने मान खाली घातली. रविवारची सकाळ होती. बाहेरच्या रस्त्यावरून बाजाराकडे निघालेल्या माणसांचे आवाज येत होते. मिस्त्री मात्र तारखांमध्ये गुंतले होते. आपला प्रश्न कोणाच्या दिशेने निघाला आहे, हे त्यांच्या अजून ध्यानात आले नव्हते.

"गोळी तीच, टाईम तोच, मानूस तोच. मंग बदललं काय? गझाला, देनारी तू होती. तू काय वेगळं केलं?"

"मले नाई मालूम, अब्बा," गझाला म्हणाली.

* * *

आयशाबींना सुनेचा आवाज ओळखता येई. मुलगी खोटे बोलत होती आणि ते कोणासाठी, हेही त्यांना त्याच क्षणी समजले.

तीन वर्षांपूर्वी पहिल्या महिन्यात नवऱ्याला गोळीने सारख्या उलट्या होत. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते, रिकाम्या पोटी देऊ नका, काही खाऊन द्या. आयशाबींनी हे वाक्य हुकमासारखे उचलले होते. सकाळी चहाबरोबर टोस्ट आणि संध्याकाळी दोन बिस्किटे, एवढ्यावर भागत असे. पण दुपारचे जेवण हातात होते आणि तिथे त्यांनी कसर सोडली नव्हती. जेवणात दोन उकडलेली अंडी. जेवण झाले की म्हशीच्या दुधाचा मोठा पेला, त्यात रात्री भिजवून वाटलेले सात बदाम. त्याच दुधाबरोबर गोळी. माणूस दिवसेंदिवस वाळत होता, आणि हा एक पेला तरी आपण त्याच्या अंगाला लावतो, असे त्यांना वाटत असे. अंग बंद पडू लागले तेव्हा त्यांनी पाच बदामांचे सात केले होते.

दोन वर्षांपूर्वी गझालाने एकदा औषधाच्या खोक्यातला कागद वाचून म्हटले होते, अम्मी, दूध आन् गोळी संग नको. त्यावर त्या काय म्हणाल्या होत्या, तेही त्यांना आठवले. माह्या नवऱ्याच्या पोटाचं मले तुह्यापेक्षा जास्त कळते.

"ती खोटं बोलून राह्यली," आयशाबी म्हणाल्या. "दूध बदललं."

"काय?" अफरोजने विचारले.

"गझाला पान्यासंग गोळी देते आन् पाऊन घंट्यानं जेवाले वाढते. मी जेवन झाल्यावर दुधासंग देते. अंडी, बदाम, दूध. तेच बदललं. दुसरं काय बदलनार?" त्यांनी गझालाकडे पाहिले. "सांग त्यायले. त्या कागदावर काय लिहिलं होतं, नीट सांग."

गझाला हळू बोलू लागली. "दूध, अंडी, मटन, यातलं पोषन आन् ही गोळी पोटातून एकाच दारातून आत जातात. दोन्ही संगच आले तं गोळी मागं राहते. सकाळी टोस्ट असते, म्हून अडत नाई. पन अम्मी, पहिल्या महिन्यात उलट्या होत होत्या. तेव्हा तुमी देत होत्या ते बरोबर होतं. मंग कोनी सांगतलंच नाई का आता बदला म्हून."

"तू सांगतलं होतं."

फिजा एकदम उसळली. "मालूम होतं तं आज बोलली काहून नाई, भाभी? मी तुले एवढं बोलली..."

"ती बोलली असती तं तू ऐकलं असतं?" आयशाबी म्हणाल्या. "दोन वर्षांआधी बोलली होती, मी गप केलं तिले. आन् आज काय केलं मी? एखाद्या टायमाले उशीर झाला असंल म्हनलं. मले मालूम होतं, ती टायमावर देते. रोज फोन करून विचारत होती मी बाभुळगावहून. तरी म्हनलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते. त्यांनी पदर सारखा केला आणि नवऱ्याकडे वळल्या. चाळीस वर्षांत त्यांनी इतक्या माणसांसमोर त्याच्याकडे असे सरळ पाहिले नव्हते.

"ती बाही माह्यामुळं फाटली, जी."

अफरोजने कप खाली ठेवला. त्याने दाराशी बसलेल्या गझालाकडे पाहिले. या वेळी तिने नजर वळवून घेतली. मघाशी आपण तिच्याकडे पाहिले नाही, ते आपल्याला फेडावे लागेल, हे तो समजला.

मिस्त्रींचे ओठ दोनदा हलले. चेहऱ्यावर भाव येणे या आजाराने आधीच कमी केले होते, त्यामुळे ते रागावले आहेत की नाही, हे कोणालाच सांगता आले नसते.

"तेल चांगलंच होतं," ते शेवटी म्हणाले. "तू ते पट्ट्यावर टाकत होती. पट्टा सरकनारच." मग थोडे थांबून म्हणाले, "तीन वर्षं मी ते दूध पीत होतो, आयशा. मलेही चव कळत होती. मी कधी विचारलं का, गोळी आन् दूध संग काहून? मिस्त्री मी आहो ना?"

भगवानरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि तो बराच वेळ पुसला.

* * *

लेथचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता. तो पुन्हा काढायला अफरोजला धीर करावा लागला.

"अब्बा, डॉक्टर घड्याळ अजून सात दिवस देतील तं पाहू. दुपारचं बंद पडनं रोजच्या एका घंट्याच्या आत आलं, तं मी काही म्हननार नाई. लेथ तुमचा."

"शब्द?"

"शब्द. भगवानकाकांसमोर."

मिस्त्री मान हलवून हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

बुधवारी नागपूरला डॉक्टरांनी ते एकवीस कागद दोन ढिगांत लावलेले पाहिले आणि गोळी वाढवली नाही. दूध बंद करू नका, झोपताना द्या. गोळी पाण्याबरोबर आणि जेवणाआधी, असे त्यांनी सांगितले. मळमळ झाली तर एखादे कोरडे बिस्किट चालेल, म्हणाले. घड्याळ आणखी सात दिवसांसाठी मिळाले. परतीच्या प्रवासात आयशाबी आणि गझाला शेजारी बसल्या होत्या. यवतमाळपर्यंत त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत. तिथे गाडी थांबली तेव्हा आयशाबींनी पिशवीतले संत्रे सोलून अर्धे सुनेच्या हातात दिले. "दुपारची गोळी मीच देईन," त्या म्हणाल्या. "तू घड्याळ पाहून सांगत जा, जेवाले कधी वाढू ते."

"बरं, अम्मी."

तेवीस ते एकोणतीस नोव्हेंबर असे सात दिवस तसेच चालले. दीड वाजता मनगटावर घड्याळ थरथरे. आयशाबी पाण्याचा पेला पुढे करीत आणि मिस्त्री अंगठा दाबीत. मग ताट झाकून ठेवले जाई आणि सव्वादोन होईपर्यंत घरातले कोणीच जेवत नसे. पहिल्या दिवशी मिस्त्री भुकेने चिडले. चौथ्या दिवशी अडीच वाजता त्यांनी सदऱ्याची पाचही बटणे स्वतः लावली आणि त्याबद्दल कोणी काही बोलू नये म्हणून वर्तमानपत्र तोंडासमोर धरले.

अहवाल सोमवारी, चार डिसेंबरला, आला. जमीरने फोनवर आकडा वाचला तेव्हा फिजाचाही फोन जोडलेला होता. ती मोठ्याने रडली आणि गझालाशी पुष्कळ वेळ बोलली. आधीच्या तेरा दिवसांत दुपारचे अंग बंद राहण्याची सरासरी तीन तास दहा मिनिटे होती. आता ती तासाच्या आत आली होती.

"जमीर," मिस्त्रींनी विचारले, "जेवढं बंद राह्यलं, ते रोज एकाच टायमाले येते काय?"

"नाई अब्बा. कधी तीनले, कधी साडेचारले. एक दिवस तं पाचले. सांगता येत नाई."

"बरं."

चार वाजता ते कारखान्यात गेले. भगवानराव दारात रोलर उतरवून घेत होते. अफरोजने लेथवर रोलर बसवला आणि बाजूला सरून जागा करून दिली. मिस्त्री लेथसमोर उभे राहिले. पाय सैल होते, हात जवळजवळ स्थिर होता, आणि मंगळवारच्या त्या दुपारनंतर वीस दिवसांनी नव्हे, तिच्या दोन वर्षे आधी उभे असल्यासारखे त्यांना वाटत होते. त्यांनी ताज्या चामड्यावरून तळवा फिरवला.

जिनवाल्यांकडून येणाऱ्या मशीनला त्यांनी आयुष्यभर एकच कसोटी लावली होती. थांबते किती, हे ते नंतर विचारीत. कधी थांबेल हे सांगता येते का, हे आधी. जी मशीन न सांगता थांबते, तिच्यासमोर त्यांनी कधी माणूस उभा केला नव्हता.

ते मागे सरले.

"अफरोज, तू घे."

"अब्बा, घंट्याच्या आत आहे. मी शब्द देल्ला होता."

"तू देल्ला होता. मी कुठं घेतला होता?"

"जफरभाई..." भगवानराव पुढे आले.

"तुमी म्हनले म्हून नाई, भगवानराव. फुगू नका." मिस्त्रींनी चकत्या कापायच्या बाकाजवळ स्टूल ओढले आणि चामड्याचा तुकडा पुढे घेतला. "चकत्या मी कापतो. हे काम थांबून थांबून केलं तं कोनाचा हात जात नाई. लेथ तुह्या नावावर लिही."

अफरोजने बटण दाबले नाही. तो वडिलांकडे पाहत उभा राहिला. मग मिस्त्रींनी स्वतःच खडू उचलला आणि भिंतीवरच्या फळ्याकडे गेले. तिथे कोणत्या मशीनवर कोण, हे लिहिलेले असे. लेथपुढचे आपले नाव त्यांनी तळहाताने पुसले आणि अफरोजचे लिहिले. त्याखाली, कारण कोणी विचारायला नको म्हणून, आजाराने बारीक झालेल्या पण वाचता येणाऱ्या अक्षरांत त्यांनी आणखी एक ओळ लिहिली.

दुपारचा बंद काळ, २३ ते २९ नोव्हेंबर, रोजची सरासरी : ५० मिनिटे; वेळ : सांगता येत नाही.